ग्रीनजवळच्या बंकरमधील फटका: सोलापुरात राहून सराव कसा करावा

ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला) लागून असलेल्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चेंडू गेला की नवा खेळाडू चेंडूवर नजर खिळवतो, चेंडू वर उचलण्याचा प्रयत्न करतो आणि नेमका तिथेच फसतो. गोल्फमधील इतर जवळजवळ सर्व फटक्यांत क्लब (खेळण्याची काठी) थेट चेंडूला लागावा लागतो; ग्रीनजवळच्या बंकरमधील साध्या फटक्यात मात्र तो चेंडूला लागतच नाही. क्लब चेंडूच्या थोडा मागे वाळूत शिरतो, चेंडूखालून सरकत पुढे बाहेर पडतो, आणि त्याने उडवलेली वाळूच चेंडूला आपल्याबरोबर ग्रीनवर नेऊन टाकते. म्हणून या फटक्याचा अभ्यास वाळूपासून सुरू करावा आणि चेंडू बऱ्याच नंतर आणावा, असे माझे ठाम मत आहे. सोलापुरात राहून अधूनमधून पुण्याला किंवा हैदराबादला खेळायला जाणाऱ्यांसाठी ही मोठी सोयीची गोष्ट आहे. कारण फेअरवे (ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा) आणि ग्रीन घराजवळ करता येत नाहीत, पण वाळूचा एक चौकोन कोणत्याही मोकळ्या जागेत करता येतो. या लेखातील सर्व सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या समजाव्यात.

क्लब आणि त्याचा तळ

बंकरसाठी सँड वेज हाच क्लब घ्यावा. त्याचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा (फेसचा) मागे झुकलेला कोन, साधारण ५४ ते ५८ अंशांचा असतो. परंतु त्याला पिचिंग वेजपासून (कमी लॉफ्टच्या वेजपासून) खऱ्या अर्थाने वेगळे करतो तो त्याचा बाउन्स. क्लबच्या तळाची पुढची धार आणि मागची कड पाहिली, तर सँड वेजमध्ये मागची कड धारेपेक्षा खाली उतरलेली दिसते. हा उतार अंशांत मोजतात. ४ ते ६ अंश म्हणजे कमी बाउन्स, आणि १० अंशांच्या पुढे जास्त बाउन्स. मऊ, कोरड्या वाळूत जास्त बाउन्स उपयोगी पडतो, तर ओल्या आणि घट्ट वाळूत कमी बाउन्स. सुरुवातीला ५६ अंशांचा आणि १० ते १२ अंश बाउन्सचा एकच सँड वेज पुरेसा आहे.

या तळाचे महत्त्व अमेरिकन खेळाडू जीन साराझेन यांनी जगाला पटवून दिले. त्याआधीच्या क्लबांची पातळ धार वाळूत रुतत असे. साराझेन यांनी क्लबच्या तळाला जास्तीचा धातू चढवून मागची कड जाड आणि खाली केली, आणि १९३२ मध्ये इंग्लंडमधील प्रिन्सेस मैदानावर झालेली ब्रिटिश ओपन स्पर्धा त्यांनी हा क्लब बरोबर घेऊन जिंकली. तव्यावरच्या भाकरीखाली उलथने आडवे ठेवून सरकवले तर भाकरी अखंड उचलली जाते, आणि त्याची धार खाली खुपसली तर ती मोडते. वाळूत सँड वेजचा तळही असाच सरकला पाहिजे. पुढे ज्या ज्या सूचना येतील, त्यांतील बहुतेकांचा हेतू धार वर आणि तळ खाली राखणे हाच आहे.

सरावासाठी वाळूचा चौकोन

सुमारे ७ फूट रुंद, १० फूट लांब आणि ६ इंच खोल एवढा खड्डा एका माणसाच्या सरावाला पुरतो. त्यासाठी ३५ घनफूट वाळू लागते, म्हणजे एक ब्रासचा साधारण एक तृतीयांश भाग. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे वाळू थेट तिच्यावर टाकली तर एका पावसाळ्यात सगळा चिखल होतो. म्हणून खड्डा थोडा जास्त खोल खणून आधी मुरूम टाकून चोपून घ्यावा, त्यावर शेतीसाठी मिळणाऱ्या शेडनेटचे दोन थर अंथरावेत आणि मग वाळू भरावी. पाणी वाहून जाण्यासाठी एका बाजूला थोडा उतार ठेवावा.

वाळू कोणती घ्यावी, याचा विचार थोडा अधिक काळजीने करावा. मैदानावरच्या बंकरसाठी जी वाळू चांगली मानतात, तिचे बहुतेक कण पाव मिलिमीटर ते एक मिलिमीटर आकाराचे असतात. बांधकामाची नदीची वाळू प्लास्टरच्या चाळणीने चाळून, गोटे आणि चिकणमाती काढून घेतली, तर ती या आकाराच्या बरीच जवळ जाते. क्रशरची कच स्वस्त पडते, परंतु तिचे कण टोकदार असतात आणि त्यात बारीक भुकटी असते. ती भिजून वाळली की दगडासारखी घट्ट बसते, आणि क्लबचा तळही लवकर झिजवते. वाळू परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी. भीमा किंवा सीना नदीच्या पात्रातून परस्पर वाळू उचलणे हा गुन्हा आहे, आणि चार पाट्यांसाठीही तो करू नये.

ज्यांच्याकडे शेत किंवा अंगण नाही, त्यांना शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या मैदानावरील लांब उडीचा खड्डा उपयोगी पडू शकतो. तिथे परवानगी घेऊनच जावे, खेळाडूंच्या सरावाची वेळ टाळावी, काचा आणि खडे आधी वेचून काढावेत, आणि निघताना वाळू दंताळ्याने पुन्हा सपाट करावी. त्या खड्ड्यात चेंडू मात्र अजिबात मारू नये. नीट न लागलेला सँड वेजचा चेंडू कमरेच्या उंचीने ७० ते ८० मीटर सहज जातो, आणि तो कोणाला लागला तर इजा गंभीर होते. चेंडूचा सराव फक्त मोकळ्या शेतात, समोर माणूस, जनावर किंवा रस्ता नसेल तेव्हाच करावा.

एप्रिल आणि मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तेव्हा सराव सूर्य वर येण्याआधीच आटोपावा. क्लबच्या फेसवरील खाचांत वाळू बसते आणि घामाने ग्रिप निसटते. त्यामुळे आपल्या सोलापुरी टॉवेलांपैकी एक ओला आणि एक कोरडा असे दोन जवळ ठेवावेत.

चेंडूशिवाय सराव

वाळू सपाट करून क्लबच्या टोकाने दीड मीटर लांबीची एक सरळ रेष ओढावी. ती लक्ष्याच्या दिशेला काटकोनात असावी. रेष आपल्या छातीच्या मध्यापासून किंचित डावीकडे येईल असे उभे राहावे, आणि क्लबने नेमक्या त्या रेषेवर वाळूत शिरून पुढे बाहेर पडावे. प्रत्येक स्विंगनंतर रेषेला धरून थोडे मागे सरकून पुढचा स्विंग करावा. दहा स्विंग झाले की थांबून खुणा वाचाव्यात, कारण या सरावाचे खरे शिक्षण खुणा वाचण्यातच आहे. चांगली खूण रेषेवर किंवा तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सुरू होते, २० ते २५ सेंटिमीटर लांब असते आणि उथळ असते. खूण रेषेच्या बरीच मागे सुरू होत असेल, तर शरीराचा भार उजव्या पायावर राहिला आहे. ती आखूड आणि खोल असेल, तर क्लबची धार रुतते आहे, म्हणजे फेस पुरेसा उघडलेला नाही किंवा हात पुढे झुकले आहेत. खूण रेषेच्या पुढे सुरू होत असेल, तर चेंडू असता तेव्हा क्लब थेट त्याला लागला असता.

बहुतेक खुणा रेषेवर पडू लागल्या की एक फूट रुंदीची लाकडी फळी वाळूत पुरावी आणि तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर वाळू पसरावी. आता निम्म्या वेगाने स्विंग करावा. तळ योग्य कोनात आला तर क्लब फळीवरून सरकत निघून जातो आणि हाताला धक्का बसत नाही; धार खाली आली तर मनगटाला लगेच जाणवते. बाउन्स म्हणजे काय हे शब्दांनी समजावण्यापेक्षा ही फळी फार लवकर समजावते. मात्र मनगट दुखत असेल तर हा सराव टाळावा.

तिसरा सराव टीचा, म्हणजे चेंडू ठेवण्याच्या छोट्या खुंटीचा आहे. टी वाळूत पूर्ण पुरून तिच्यावर चेंडू ठेवावा, म्हणजे चेंडू वाळूवरच ठेवल्यासारखा दिसेल, आणि मग चेंडूचा विचार सोडून टी वाळूतून उडवण्याचा प्रयत्न करावा. टी बाहेर पडली तर चेंडूही बाहेर पडतो.

उभे राहणे आणि फटका मारणे

आता चेंडूसह पूर्ण फटका घेऊ. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी क्लबचा फेस उघडावा, म्हणजे तो उजवीकडे वळवून आकाशाकडे अधिक पाहील असा करावा, आणि त्यानंतरच ग्रिप पकडावी. आधी ग्रिप पकडून मनगट वळवून फेस उघडला, तर फटक्याच्या क्षणी हात आपोआप मूळ जागी येतात, फेस बंद होतो आणि धार रुतते. हा दोष फार सर्रास दिसतो आणि खेळाडूच्या लक्षातही येत नाही.

फेस उघडल्याने तो लक्ष्याच्या उजवीकडे पाहू लागतो; त्याची भरपाई म्हणून पाय, कंबर आणि खांदे लक्ष्याच्या थोडे डावीकडे वळवावेत. पायांतील अंतर नेहमीपेक्षा जास्त ठेवावे, गुडघे वाकवावेत आणि हात थोडे खाली न्यावेत. चेंडू डाव्या टाचेच्या समोर असावा. भाराचा ५५ ते ६० टक्के वाटा डाव्या पायावर द्यावा आणि स्विंग संपेपर्यंत तो तिथेच राहू द्यावा. क्लबचा दांडा पुढे झुकलेला नसावा. मूठ चेंडूच्या बरोबरीने किंवा किंचित मागे असावी.

दोन्ही पाय वाळूत थोडे रोवून घ्यावेत. त्याने उभे राहणे पक्के होते, आणि वाळू किती खोल व किती घट्ट आहे हेही तळपायांना कळते. पाय दोन सेंटिमीटर रुतले, की क्लबचा सर्वांत खालचा बिंदूही तेवढाच खाली जातो, म्हणून ग्रिपही तेवढीच खाली पकडावी. पुष्कळ खेळाडू एवढीशी गोष्ट करत नाहीत, आणि मग आपण वाळू जास्त का घेतो याचे त्यांना कोडे पडते.

नजर चेंडूवर न ठेवता त्याच्या मागे सुमारे ५ सेंटिमीटरवरच्या वाळूवर ठेवावी. क्लब मागे नेताना मनगटे लवकर मोडावीत, क्लब खांद्यापर्यंत येऊ द्यावा, आणि खाली येताना वेग कुठेही आवरू नये. क्लब वाळूत शिरल्यावर तो थांबवण्याची इच्छा होते. नेमक्या त्याच क्षणी छाती लक्ष्याकडे वळत राहिली पाहिजे आणि स्विंग पूर्ण झाला पाहिजे. फटक्यानंतर उजवे मनगट डाव्यावरून वळू देऊ नये, फेस आकाशाकडे पाहत राहावा. वाळूत शिरण्याची जागा दोन-तीन सेंटिमीटर चुकली तरी वेग कायम आणि खूण उथळ असेल, तर चेंडू बाहेर येतो. म्हणून अचूकपणाची भीती बाळगून वेग कमी करणे हे दुप्पट नुकसान आहे.

अंतर ठरवणे

वाळू बराचसा वेग शोषून घेते, त्यामुळे १० मीटरच्या बंकर फटक्याला गवतावरच्या २० ते ३० मीटरच्या फटक्याएवढा स्विंग लागतो. अंतर बदलायचे असेल, तर वाळूत शिरण्याची जागा बदलू नये; स्विंगची लांबी बदलावी, आणि तीही मुख्यतः फटक्यानंतरच्या भागाची. कमी अंतरासाठी क्लब कमरेशी संपवावा, मध्यम अंतरासाठी छातीशी, आणि जास्तीसाठी पूर्ण खांद्यावर. शेतात सराव करताना ५, १० आणि १५ मीटरवर तीन गोण्या पसरून त्यांवर आळीपाळीने चेंडू टाकावेत. सलग एकाच गोणीवर मारत राहिल्याने हात त्या अंतराला सरावतो, परंतु अंदाज तयार होत नाही. फटका २५ मीटरच्या पुढचा असेल, तर सँड वेज जोरात मारण्यापेक्षा पिचिंग वेज किंवा ९ नंबरचे आयर्न किंचित उघडून त्याच पद्धतीने मारणे अधिक भरवशाचे ठरते.

वाळू आणि चेंडूची स्थिती बदलते तेव्हा

वर सांगितलेला फटका सपाट, कोरड्या वाळूवर व्यवस्थित बसलेल्या चेंडूसाठी आहे. प्रत्यक्षात तशी स्थिती दर वेळी मिळत नाही.

पावसाळ्यात पुण्याच्या बाजूला खेळायला गेल्यास वाळू ओली आणि दाबलेली मिळते. अशा वाळूत जास्त उघडलेला तळ वर उसळतो आणि धार चेंडूच्या मध्यावर आदळते. म्हणून फेस थोडाच उघडावा, शिरण्याची जागा चेंडूच्या अधिक जवळ, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर मागे घ्यावी, आणि स्विंग आखूड ठेवावा, कारण ओल्या वाळूतून चेंडू जास्त वेगाने निघतो. आपल्या चौकोनावर आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी मारून सकाळी खेळले, तर हाच अनुभव घरी घेता येतो. सोलापुरात सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना असल्याने त्या दिवसांत हा सराव पाणी न मारताही होतो.

चेंडू वाळूत अर्धा रुतलेला असेल, तर जवळजवळ सर्वच सूचना उलट्या होतात. इथे तळ सरकून उपयोग नाही, धार खाली जायला हवी. म्हणून फेस सरळ किंवा किंचित बंद ठेवावा, चेंडू पायांच्या मध्ये घ्यावा, भार डाव्या पायावर अधिक द्यावा आणि चेंडूच्या लगेच मागे वरून खाली जोराने मारावे. क्लब वाळूतच अडकून थांबला तरी चालेल. असा चेंडू कमी उंचीने निघतो, त्याला फिरकी नसते आणि ग्रीनवर पडल्यावर तो दूरपर्यंत पळतो. त्यामुळे होलच्या बाजूने न मारता जिथे पळायला जास्त ग्रीन आहे तिकडे मारावे. दुसऱ्याच्या पावलाच्या खुणेत बसलेल्या चेंडूलाही हाच उपाय लागू पडतो.

चढावर असलेल्या चेंडूला खांदे उताराला समांतर ठेवावेत आणि नेहमीपेक्षा बराच मोठा स्विंग घ्यावा, कारण चेंडू उंच जातो आणि जवळच पडतो. उतारावरचा फटका मात्र बंकरमधील सर्वांत अवघड फटका आहे. बंकरच्या मागच्या कडेजवळ चेंडू थांबला की तो वाट्याला येतो. खांदे उताराला समांतर करावेत, म्हणजे डावा खांदा खाली येईल. चेंडू किंचित उजवीकडे घ्यावा, आणि फटक्यानंतर क्लब उताराच्या दिशेनेच खाली सरकत गेला पाहिजे. तो वर उचलण्याचा मोह झाला की धार थेट चेंडूवर बसते. यात चेंडू कमी उंचीने निघतो आणि पळतो, हे स्वीकारून ग्रीनच्या मोठ्या भागाकडे मारावे.

वाळू घट्ट, बंकर उथळ आणि पुढची कड जवळजवळ नसल्यासारखी असेल, तर पटरने (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या क्लबने) चेंडू बाहेर काढण्यात काहीच कमीपणा नाही.

नियमांत काय चालते

२०१९ मध्ये गोल्फच्या नियमांत मोठे बदल झाले आणि बंकरमधील बंधने काहीशी सैल झाली. आता चेंडू न हलवता आसपासची पाने, काड्या आणि खडे उचलता येतात. मात्र वाळू तपासण्यासाठी हाताने, क्लबने किंवा दंताळ्याने मुद्दाम स्पर्श करता येत नाही. चेंडूच्या लगेच पुढे-मागे क्लब टेकवता येत नाही. आणि सरावाच्या स्विंगमध्ये किंवा क्लब मागे नेताना वाळूला स्पर्श करता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळप्रकारात) याचा दंड दोन फटक्यांचा आहे. सोलापुरातल्या आपल्या चौकोनात क्लब टेकवण्याची सवय लागली तर ती स्पर्धेत महागात पडते. म्हणून सरावातही चेंडू ठेवल्यावर क्लब वाळूच्या वरच धरावा.

बंकरमध्ये खालच्या बाजूने उतरावे, आणि फटक्यानंतर आपल्या खुणा व पावले दंताळ्याने सपाट करूनच बाहेर पडावे.

पुढच्या कडेखाली अगदी लागून बसलेला चेंडू समोरून काढण्याचा हट्ट सोडून आडवा किंवा मागे काढावा. तेही शक्य नसेल, तर चेंडू खेळण्यायोग्य नाही असे स्वतः जाहीर करता येते. एका फटक्याचा दंड घेऊन आधीचा फटका जिथून मारला त्या जागेवरून पुन्हा खेळता येते, किंवा बंकरमध्येच दोन क्लबच्या अंतरात, होलपासून जवळ नसलेल्या जागी चेंडू टाकता येतो, किंवा होल आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे, पण बंकरच्या आतच, तो टाकता येतो. दोन फटक्यांचा दंड मान्य असेल, तर त्याच रेषेत बंकरच्या बाहेर मागे जाता येते. जागतिक दर्जाचे व्यावसायिक खेळाडूही ग्रीनजवळच्या बंकरमधून साधारण निम्म्याच वेळा दोन फटक्यांत चेंडू होलमध्ये टाकतात. त्यामुळे आपल्या पहिल्या हंगामात चेंडू एका फटक्यात बाहेर येऊन ग्रीनवर कुठेही थांबला, तर तो फटका यशस्वी म्हणून वहीत लिहावा, आणि होलपासूनचे अंतर मोजायला पुढच्या हंगामात सुरुवात करावी.